उजवी बाजू कोनती

८ ऑगस्ट
तान्हा पोळा तोंडावर, अन् लाकडाचे बैल ओट्यावर नागडेच. बाबा कोरून मोकळे, रंग माझ्या माथी. झुलीची नक्षी हातानं काढली तर दर बैलावर वेगळी, वाकडी. म्हणून आज स्टेन्सिल कापलं. पुठ्ठा रंगानं फुगते, फिल्म फुगत नाई. दवाखान्यात झाडझूड करणाऱ्या शोभाबाईनं जुन्या एक्स-रे फिल्मा दिल्या होत्या, त्या गठ्ठ्यातली एक ओढली. मधात कमळ, वर तिकोनं, कोपरे गोल. बैलाच्या दुसऱ्या अंगाले तेच उलटं करून लावायचं. कमळ झकास उठलं! भलतीच खूश.

११ ऑगस्ट
बाबाचा खोकला. म्हणते, "लाकडाचा भुसा गेला नाकात, अजून काय." रोजचाच भुसा. नेतेच चंद्रपूरले.

१३ ऑगस्ट
चंद्रपूर. नव्या एक्स-रेत उजवीकडे वर पांढरा डाग. डॉ. म्हणाले, "मागं न्यूमोनिया झाला तेव्हाचा एक्स-रे आणा. तेव्हाही तिथंच डाग असेल तर जुना व्रण, घाबरू नका. नसेल तर नागपूरला न्यावं लागेल." सोमवारी, २५ ले बोलावलं.
घरी येऊन पेटी, कपाट, माळा. कुठीच नाई.

१४ ऑगस्ट
सापडला. म्हणजे...
स्टेन्सिल धुवून उजेडात धरलं. कमळाच्या भोवती बरगड्या. शोभाबाईच्या फिल्मा साऱ्या हातापायाच्या, छातीची ही एकच, म्हणजे बाबाचीच. अरे देवा, काय करून बसली मी! बाबाले सांगितलं नाई.

१६ ऑगस्ट
थिनरच्या बोळ्यानं रंग पुसला, दोन्हीकडून. रंगाखाली, वरच्या अंगाले, एक पांढरट डाग राह्यला. घासला, जात नाई. म्हणजे जुनाच डाग! उडीच मारली.
मग फिल्म उलटवली. अशी धरली तर डाग उजवीकडे, तशी धरली तर डावीकडे. खरी बाजू कोणती? नाव, खूण होती तो कोपरा मीच गोल केला.
शोभाबाई म्हणे, "अवं, दिल पाह्य ना. डाव्या अंगाले राह्यते."
दिलाच्या जागी कमळ.

१९ ऑगस्ट
अर्धे बैल रंगायचे पडले. हे स्टेन्सिल वापरू का नको? दुसरं कापायले हात धजत नाई. बाबा आले. "काऊन थांबली?" रडूच आलं. सगळं सांगितलं.
बाबानं फिल्म खिडकीशी धरली, इकडून, तिकडून. "दिल तं तूच कापलं वं माय." अन् हसले. हसता हसता खोकला. असा राग आला! हसायची गोष्ट आहे का?
मग म्हणाले, "त्या गठ्ठ्यात म्याच टाकली होती. आता कोन पाहते तिले, वाटलं."
खरं, का माझ्यासाठी बोलले? समजत नाई. बैल रंगवले. त्याच स्टेन्सिलानं.

२२ ऑगस्ट
पोळा. नाव-खुणेचा कापून पडलेला तुकडा शोधला, खाटेखाली, भुशाच्या पोत्यात. नाई. चुलीत गेला असन. पुरणात मीठ जास्त पडलं.

२३ ऑगस्ट
तान्हा पोळा. पोरं बैल ओढत देवळापुढं. साऱ्या झुलींवर तेच कमळ. बाबा ओट्यावरून ओरडले, "पाह्य वं, माहा दिल चालला!" लोक हसले, त्याईले काय ठाऊक. मी पण हसली, अन् आत जाऊन तोंड धुतलं.

२४ ऑगस्ट
उद्या सकाळची गाडी. पिशवीत नवा एक्स-रे, स्टेन्सिल, बाबाचा सदरा. डॉ.ले समजल का कमळाभोवतीचं? का मलेच विचारतील?
स्केचपेननं एका बाजूवर 'उजवी' लिहिलं. पुसलं. दुसरीवर लिहिलं, ते पण पुसलं. बाबा पाहून राह्यले होते.
"लिवून टाक ना."
"कोनत्या बाजूले?"
"ज्या बाजूनं नागपूर टळते, त्या."
पेनाले टोपण लावलं. कोरीच ठेवली.