नुसतं बघण्यापुरतं

४ मे
पोचले एकदाची. डोंगरापर्यंत सात फाटकं. प्रत्येक फाटकाशी उतरायचं, उघडायचं, गाडी पुढे घ्यायची, परत उतरून लावायचं. सातव्याला मी गाडीशीच बोलायला लागले होते. पण खोपी बघून सगळा शीण गेला. पत्र्याची आहे, तरी आत लोखंडी चूल, कोरडी लाकडं, चांगली गादी. मोबाइल इथे मेलेला. खालच्या घराशी बोलायला भिंतीवर एक रेडिओ आहे.

मालकीण एल्स्पेथ मॅक्रे, वय बहात्तर, पाठ अजून ताठ. तोंडावर मी तिला तुम्ही म्हणते, इथे वहीत ती चालेल. तिने माझ्याआधी माझी रायफल तपासली. म्हणाली, सशांनी डोंगर खाऊन टाकलाय, मेंढ्या विणार कशाच्या जोरावर? आता हिवाळा लागतोय, वसंतापर्यंत मला गवत दिसलं पाहिजे. मग रायफलवरचा माझा रात्री बघायचा स्कोप बघून फसकन हसली. हे काय, थर्मासचं बूड बसवलंयस का? हसू दे. महागडे स्कोपवाले अंगाची ऊब बघतात, त्यांना गरम ठिपका दिसतो. माझ्या स्वस्तातल्यात सशाचा कान दिसतो. मला कान दिसलेला बरा.

बाबांची शिकवण आहे ती. दिसलं ते तोंडाने म्हणायचं, मगच चाप ओढायचा. कान. पाठ. ससा. तेवीस वर्षांत एकदाही न म्हणता गोळी झाडलेली नाही. मी कामाला होते तो कत्तलखाना बंद पडला, नवरा दुसरीकडे गेला, पण हे एक माझ्याकडे शाबूत आहे, आणि मला त्याचा गर्व आहे.

७ मे
पहिल्या रात्री अडतीस ससे, काल एकावन्न. स्कोपखाली एक दिवा आहे, त्याचा उजेड उघड्या डोळ्याला दिसत नाही. स्कोपमधून बघितलं की मात्र अख्खी उतरण राखाडी होऊन उजळते आणि सशांचे डोळे टाचण्यांसारखे चमकतात. एक चमक दिसली तर थांबायचं. दोन डोळे, कान, पाठ, सगळं दिसलं तरच.

सकाळी मातिऊ कुत्र्यांसाठी ससे न्यायला येतो. इथला मेंढपाळ, पन्नाशीचा, पोट सुटलेला, तोंड सतत चालू. बायकोने तळलेला पाव आणि पाकाचा डबा घेऊन येतो आणि अर्धा स्वतःच खातो. म्हणाला, बाई, खालपर्यंत ऐकू येतं तुझं कान-पाठ-ससा. ससेसुद्धा रांगेत उभे राहत असतील, नाव पुकारलं की पुढे व्हायला.

त्याच्याकडे हातात धरायची रात्रीची दुर्बीण आहे, गाभण मेंढ्या बघायला. मी म्हटलं, माझंही तेच काम करतं. तर म्हणाला, नाही गं जॉस, तुझी रायफलवर बसलीये. तुला काही बघायचं म्हणजे त्याच्यावर नेम धरावा लागतो. मला नाही असलं बघणं जमायचं. मी हसण्यावारी नेलं. आतासुद्धा हसूच येतंय, पण डोक्यातून जात नाही.

१० मे
काल घळीच्या पलीकडे एक दिवा दिसला.

स्कोपमध्ये दिसला. डोळा बाजूला केला तर मिट्ट काळोख. म्हणजे माझ्यासारखाच दिवा, माझ्यासारखाच कोणीतरी. रागच आला. शेजारच्या रानातला कोणी न विचारता घुसला असणार आणि माझ्या दिशेला बंदूक रोखून बसलाय. मी माझा दिवा बंद केला. त्यानेही केला. मी लावला, त्यानेही लावला. थट्टा करतोय मेला. अंतर मोजलं, सहाशे चाळीस मीटर.

११ मे
दिवसा पलीकडे जाऊन आले. म्हटलं एखादा पत्रा असेल, पाण्याची टाकी असेल, माझाच उजेड परत येत असेल. काही नाही. नुसतं गवत. सगळीकडे दव गोठून पांढरं झालेलं, आणि मध्ये एक पट्टा कोरडा. माणूस पालथा झोपावा एवढा. कोपरांच्या जागा दिसत होत्या. बुटांचे ठसे नव्हते, येणारे नाहीत आणि जाणारेही.

भूक लागली होती, परत आल्यावर गेली.

१३ मे
रेडिओवर एल्स्पेथला विचारलं, रानात आणखी कोणी आहे का. म्हणाली, माझ्या रानात मला विचारल्याशिवाय कोणी पाऊल ठेवत नाही. कुठे दिसलं तुला? घळीपलीकडे म्हटल्यावर म्हणाली, ह्या आठवड्यात खालची उतरण घे.

खालची घेतली. तोही खाली आला. मी डावीकडे सरकले की तो डावीकडे. चारशे दहा मीटर.

चौदाच ससे.

१५ मे
मातिऊकडून काढून घेतलं. आज त्याने पावाला हातसुद्धा लावला नाही.

दोन वर्षांपूर्वी इथे दोघं होते, कॉलिन आणि डुगल्ड. कॉलिनकडे रायफल, डुगल्ड पुढे जाऊन गवतात पालथा पडायचा आणि रात्रीच्या दुर्बिणीतून ससे कुठे आहेत ते सांगायचा. एका रात्री तो सांगितलेल्या जागेवरून सरकला. माणसाचे डोळे सशासारखे चमकत नाहीत, पण दुर्बिणीची काच चमकते. कॉलिनला गवतात एक चमक दिसली आणि त्याने ती टिपली.

डुगल्ड जागीच गेला. अपघात म्हणून निकाल लागला. कॉलिन उत्तरेकडे ट्रक चालवतो. त्यानंतर इथे तिघं आले आणि तिघंही पंधरा दिवसांत गेले. मी विचारलं, मला आधी का नाही सांगितलंत? मातिऊ बुटांकडे बघत म्हणाला, म्हातारीने बजावलं होतं. सांगितलं असतं तर तू आली असतीस का?

नसते आले. मला दोघांचा संताप आला आणि तसं मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, बोल बाई, बोल, चुकलंच आमचं.

१६ मे
जाऊ का? दिवसभर हेच. सामान बांधलं, सोडलं.

जायचं तर कारण सांगावं लागेल. मला नसलेले दिवे दिसतात, असं? नसलेलं दिसणाऱ्या माणसाच्या हाती कोणी बंदूक ठेवत नाही. पोलीस परवाना काढून घेतील आणि बरोबरच करतील. मग मी कोण उरते? आणि खरं सांगायचं तर मला दिव्याची भीती नाही. माझ्या बोटाची आहे. काल तो दोनशे वीसवर होता आणि माझं बोट चापावर होतं. ते तिथे मी ठेवलं नव्हतं.

मोठ्याने म्हणून बघितलं. दिवा. फक्त दिवा. त्याच्यापुढे म्हणायला काही नाही.

१७ मे
काल बाहेर गेलेच नाही. चुलीपाशी बसले. खिडकीत एक लाल ठिपका आला, विझत्या विडीएवढा.

आमच्या स्वस्त दिव्यांची ही खोड आहे. उजेड दिसत नाही, पण दिवा थेट तुमच्याकडे रोखलेला असला तर त्याच्या तोंडाशी लाल ठिपका दिसतो. थेट तुमच्याकडे असला तरच.

सकाळपर्यंत जमिनीवर पडून राहिले.

मातिऊला सगळं सांगितलं. हसला नाही. म्हणाला, उद्या रात्री मी येतो. दुर्बीण आणतो. दोघांना दिसला तर तू वेडी नाहीस, मग म्हातारीलाही वर आणून दाखवू. नऊ वाजता, फाटकाच्या वाटेने, कपाळावर पांढरी बॅटरी लावून येईन. तू तोंड दुसरीकडे करून बस. दोनदा घोकून घेतलं माझ्याकडून. फाटकाची वाट, पांढरी बॅटरी. मग म्हणाला, आणि मला बघून ससा म्हणू नकोस, पोट बघ माझं.

बरं वाटलं. किती दिवसांनी जेवले.

१८ मे, संध्याकाळ
सात वाजलेत. अजून दोन तास. चूल पेटत नाही, लाकडं तीच आहेत. चारदा दाराशी जाऊन आले. रायफल खाटेखाली ठेवली, मग काढली, मग परत ठेवली.

आठ. बाहेर बसते. आत खिडकी आहे.

१८ मे, रात्र
लिहिते. लिहायलाच हवं, उद्या विचारतील.

रायफल शेवटी बरोबर घेतलीच होती. साडेआठला स्कोपमध्ये दिवा लागला. नव्वद मीटर. मी वाटेकडे पाठ करून बसले होते, ठरल्याप्रमाणे. मग डाव्या हाताला, घळीतून, गवत वाजलं. वळले. चाळीस पावलांवर चमक. एकच. वर येत होती. मी कान म्हटलं नाही. पाठ म्हटलं नाही. तोंड उघडलंच नाही मी—

मग गोळीच्या आवाजामागून थर्मास घरंगळल्याचा आवाज.

मातिऊ. घळीतून येत होता. त्या दिव्याच्या मागून जाऊन त्याला धरायला. बॅटरी विझवून, म्हणजे दिव्याला कळू नये. दुर्बीण डोळ्याला. माझ्यासाठी. पाव फडक्यात बांधलेला.

ओढत आत आणलं. मानेच्या खाली लागलंय. टॉवेल दाबून धरलाय. शुद्धीवर आहे. म्हणाला, अगं, मी. एवढंच.

९.१०
एल्स्पेथला सांगितलं. माझ्या तोंडाने, सगळं. ती ओरडली नाही. म्हणाली, धुकं उतरलंय, हेलिकॉप्टर उजाडल्याशिवाय नाही. मी चारचाकी बाइकवरून येते, अर्धा तास. टॉवेल सोडू नकोस. आणि जॉस, बंदुकीला हात लावू नकोस.

नाही लावणार. रायफलचा बोल्ट काढला. तो काढला की ती नुसती नळी. पिठाच्या डब्यात खोल खुपसला आणि झाकण घट्ट लावलं.

९.२५
मातिऊ झोपलाय. श्वास चालू आहे. मी मोजतेय.

९.३०
खिडकीत ठिपका नाही. हे बरं की वाईट— बघू का? बोल्ट नाही तर ती दुर्बीणच. स्कोप सोडवायची किल्ली गाडीत राहिली, नाहीतर नुसता स्कोप घेतला असता. नुसतं बघण्यापुरतं.

बघितलं.

दोन आहेत. शेजारी शेजारी.

मागे येऊन त्याच्या छातीवर हात ठेवला. टॉवेल मी सोडला होता. किती वेळ— मला वाटलं क्षणभरच—

९.४०
मातिऊ गेला. त्याच्या बायकोचं नाव एरीना. तिला कोण

९.४५
बाइकचा आवाज येत नाही. अर्धा तास झाला. वाटेवर काहीतरी आहे. खडी वाजते, थांबते. एल्स्पेथ असेल. बाइक फाटकाशी बंद पडली असेल, म्हातारी चालत येत असेल. हाक मारली. धुक्यात ऐकू गेलं नसेल. किंवा

ते दोघं जागेवर आहेत का? ते तिथेच असतील तर वाटेवरची एल्स्पेथ. एवढंच बघायचं. बोल्ट डब्यात आहे. काही होणार नाही.

बघितलं. पलीकडे एकही नाही. वाटेवर एक चमक. उंची माणसाची. चष्मा असेल. ती चष्मा लावते का? आठवत नाही. आठवत नाही. साठ मीटर.

दार लावलंय. येऊ दे तिला दारापर्यंत. दार वाजवेल. माणूस दार वाजवतं. मी इथे टेबलाशी बसून लिहीत राहीन, दोन्ही हात वहीवर, म्हणजे मला दिसत राहतील—

पानावर हे पांढरं काय. पीठ. बोटांना पीठ आहे. डबा उघडा आहे. मी कधी