खिशात मावेल असा टॉर्च

१४ ऑक्टो.
टॉर्च मेला. ओरत्तनाडूच्या पलीकडे लक्ष्मीची गाय व्यायल्यावर बसली, उठेना. कॅल्शियम शिरेत द्यायचं होतं. पावसामुळे सकाळपासून करंट नाही, संध्याकाळी गोठा काळाकुट्ट. टॉर्च नेहमीसारखा दातांत धरला होता. गायीने मान झटकली आणि तो शेणाच्या पाण्यात पडला. काढला, पुसला, तळहातावर आपटला. लागला नाही. बाकीचं काम सेल्वमच्या फोनच्या उजेडात. आमच्या जनावरांच्या दवाखान्याचा हा एकच अटेंडर. एका हातात बाटली, एका हातात फोन, वर गायीची शेपटी तोंडावर.
गाय उठली. मी उठताना गोठ्याचा खांब धरला.
घरी हे कापीचा पेला घेऊन बसलेले. “वास येतो गे,” म्हणाले. अंघोळ. खांदा ठणकतोय.

१६ ऑक्टो.
तंजावुरात, राजवाड्याच्या मागच्या गल्लीतलं दुकान. दुकानदाराने काठीएवढे टॉर्च मांडले. “अम्मा, तळ्याच्या पलीकडचा माणूस दिसेल.” म्हटलं, मला हातभर अंतरावरची गाय बघायची आहे. तो हसला. मला हसू आलं नाही.
शर्टाच्या खिशात थर्मामीटरशेजारी बसला पाहिजे. गायीचा पाय पडला, पाण्यात बुडाला तरी लागला पाहिजे. दातांत धरता यावा, म्हणजे लोखंडी नको. आणि सेलवर चालणारा. ऐप्पसी महिन्याच्या पावसात करंट जातो तो जातोच, चार्ज कुठे करणार? सेल निदान गावच्या पेट्टीकड्यावर, त्या टपरीवजा दुकानात, मिळतो.
असं सगळं एकात नाही. रिकाम्या हाताने परत.

१९ ऑक्टो.
ह्यांनी ऑनलाइन मागवला. शाळामास्तर रिटायर झाले तरी मास्तरच. माहितीपत्रक मला मोठ्याने वाचून दाखवलं. कपाळाला बांधायचा, उजेडाचे पाच प्रकार. म्हटलं, एक पुरे होता.
बांधून दवाखान्यात गेले. बटण चुकलं आणि दिवा फटाफट उघडझाप करू लागला. खोंड बिथरलं, सेल्वमच्या गुडघ्याला लाथ. सुजलाय. “काही नाही अम्मा,” म्हणतो आणि लंगडतो. बरं, उजेड तरी कसला, सगळं चुना फासल्यासारखं पांढरं.

२१ ऑक्टो.
लक्ष्मीची गाय पुन्हा. खात नाही, ताप. पोचेपर्यंत दिवस मावळला. कपाळावरचाच टॉर्च. हिरड्या पाहिल्या, पापणी ओढून पाहिली. विशेष काही नाही. तापाचं इंजेक्शन दिलं. लक्ष्मी मागून काहीतरी म्हणत होती, नीट ऐकलं नाही. थकले होते.

२२ ऑक्टो.
सकाळी परत गेले. उजेडात पापणी ओढली तर आत हळद. गोचिडताप. औषध लगेच दिलं, पण रात्र फुकट गेली.
लक्ष्मी म्हणाली, “कालच म्हटलं मी, डॉक्टरम्मा. डोळे पिवळे दिसतात म्हणून.”
“टॉर्चचा उजेड पांढरा होता. त्यात पिवळं कळत नाही.”
ती गायीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

२४ ऑक्टो.
मिळाला. त्याच दुकानात, खालच्या खणात पडलेला. बोटाएवढा, एक सेल, एक बटण, बाहेरून रबर, उजेड दिव्यासारखा पिवळसर. दुकानदाराच्याच बादलीत बुडवला, पायरीवर टाकला. लागला. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.
चेन्नईला लेकीला फोनवर सांगितलं. मी मराठीत, ती तमिळमध्ये, नेहमीप्रमाणे. एका टॉर्चसाठी एवढं, आई? म्हणून हसत सुटली. मीही हसले. बऱ्याच दिवसांनी.

२६ ऑक्टो.
शेळीची जखम शिवायची होती. सुईत दोरा जाईना. नव्या टॉर्चच्या उजेडाभोवती कडं. काच पुसली, पुन्हा पुसली. सेल्वमला म्हटलं, काच खराब आली का बघ रे. त्याने उजेड भिंतीवर पाडून पाहिला. “नाही अम्मा. चांगला आहे.” दोरा त्यानेच ओवला.
परतताना समोरून येणाऱ्या लॉऱ्यांच्या दिव्यांनाही तसंच कडं. मोपेड बाजूला घेऊन थांबले.
घरी न्हाणीत टॉर्च लावून टांगला. एक डोळा झाकला, मग दुसरा. उजव्याने धुकं.
काच चांगली आहे.

२७ ऑक्टो.
कुणाला बोलले नाही. लेकीला देवनागरी वाचता येत नाही, तेव्हा इथे लिहायला हरकत नाही. भीती वाटते.

२९ ऑक्टो.
ह्यांना सांगितलं. चकित झाले नाहीत.
“तू हल्ली पेपर खिडकीशी नेऊन वाचतेस.”
“मग बोलला का नाहीत?”
“तू टॉर्च शोधत होतीस,” म्हणाले.
रागावता आलं नाही. तेवढी ताकदही नव्हती.

३१ ऑक्टो.
डोळ्यांची डॉक्टर माझ्या लेकीच्या वयाची. दोन्हीकडे मोतीबिंदू, उजवा पिकत आलेला. जितका प्रखर दिवा, तितका फाकणार, म्हणाली. ऑपरेशन. नंतर काही आठवडे वाकायचं नाही. धूळ नको, घाण पाणी नको. “काम काय करता?” सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं.
पुढच्या आठवड्यातली जागा धरून ठेवते म्हणाली. नक्की करून कळवा.

२ नोव्हें.
लक्ष्मीकडे. गाय खाते आहे. दूध निम्म्यावर आलं, ते परत चढेल की नाही सांगता येत नाही. वासरू ठीक.
तिला सांगितलं, “त्या संध्याकाळी दोष टॉर्चचा नव्हता. मला दिसलं नाही. डोळे बिघडलेत.”
मला वाटलं चिडेल. तिने ओसरीवर बसवलं, ताक दिलं. मग म्हणाली, “तुम्ही रजेवर गेलात तर आम्ही कुणाकडे यायचं?”
ताक प्यायले.

४ नोव्हें.
पाऊस. गाभण जनावरं रोज येताहेत, सगळी याच महिन्यात मोकळी होणार. आज सेल्वम शेजारी उभा राहून हिरड्यांचे, पापण्यांचे रंग सांगत होता आणि मी हाताने चाचपत होते. चाललं. असं किती दिवस…
हे विचारतात, डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंना काय कळवू? म्हटलं, पाऊस ओसरू दे. “तो काय तुला विचारून ओसरणार?” म्हणाले आणि छत्री घेऊन भाजीला गेले.
ते गेल्यावर पलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला फोन केला. माझ्याहून तरुण, त्याच्याकडे आधीच दोन दवाखाने. माझाही सांभाळशील का, म्हटलं. त्याच्या मागे म्हैस ओरडत होती.
“बघतो, अक्का,” म्हणाला.
जमेल की नाही ठाऊक नसलं की गावोगावच्या लोकांना मीही हेच सांगत आले आहे.