कुंडी धाकटीच्या नावे

मी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीने लिहीत आहे. अक्षर वाकडे आहे, डोके ठिकाणावर आहे. यापूर्वी असे काही लिहून ठेवलेले नाही.

१. राहत्या दोन खोल्या आणि बँकेतील ठेव थोरल्या मुलीला. तिने माझे सगळे केले, कुरकुरत का होईना.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री तिलाच. त्या कात्रीने कागद कापू नये. हे तिला चाळीस वर्षे सांगते आहे.

३. माझ्या बहिणीवरचा राग मी कुणाच्याही नावे करत नाही. नवरा गेला तेव्हा धाकटी दीड वर्षाची होती. माझ्याजवळ तिची आबाळ होईल असे वाटले. बहिणीला मूल नव्हते. ती म्हणाली, "मला दे, पण परत मागायला येऊ नकोस." मी दिली. आठ महिन्यांत शिवणाचे काम भरपूर येऊ लागले, तेव्हा दिलेला शब्द आडवा आला. आता बहीणही राहिली नाही.

४. खिडकीतल्या कुंडीतले ब्रोमेलियाडचे झाड धाकटीला. माझ्या ऑपरेशननंतर तिनेच ते आणले होते, गुलाबी तुऱ्यासकट. तुरा वाळला, पाने पिवळी पडली, तेव्हा थोरली ते टाकून द्यायला निघाली होती. कोपऱ्यावरच्या फुलवालीने थांबवले. हे झाड एकदाच फुलते आणि मग सावकाश वाळते, पण बुंध्याशी पिल्ले येतात. "आईच्या निम्म्याएवढं होईपर्यंत तोडू नका," असे तिने बजावले होते. तरी पहिले पिल्लू बोटभर असतानाच मी तोडून वेगळे लावले. वाळत्या झाडापाशी त्याची आबाळ होईल असे वाटले. पंधरा दिवसांत ते गेले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही. दुसरे अजून आईला धरून आहे. पाणी पानांमधल्या पेल्यात घालावे, मातीत ओतू नये. आई कितीही वाईट दिसली तरी पिल्लू मोठे होईपर्यंत तिला उपटू नये.

५. धाकटीला सगळे ठाऊक आहे, तरी ती मला मावशीच म्हणते. तेच म्हणावे, माझी तक्रार नाही. मात्र आजवर प्रत्येक अर्जात अपत्यांच्या रकान्यात मी "एक" लिहीत आले. हा शेवटचा कागद तरी खरा असावा.

साक्षीदार: १. कोपऱ्यावरची फुलवाली २. तळमजल्यावरचे चष्मेवाले
स्थळ: माझी खोली, खिडकीजवळ
दिनांक: नऊ, गुरुवार

लिहून देणार,
दोन मुलींची आई