तीन नंबरवरचं लाल कुलूप

सोमवार, ३ फेब्रुवारी

कुलूप मिळालं! लाल, मुठीत मावेल एवढं, वर माझा फोटो चिकटवलेला. फोटोत मी चोरासारखी दिसते, पण असू दे. किल्ली एकच. मिस्त्री म्हणाले, "गळ्यात घाल नाहीतर कमरेला लाव, पण दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. मी मागितली तरी नाही."

मशीन बंद करायचं, मेन स्विचला आपलं कुलूप लावायचं, मगच आत हात घालायचा. ज्याचं कुलूप त्यानेच काढायचं. दुसऱ्याला काढायचंच असेल तर त्यासाठी एक फॉर्म आहे. मशीन मी स्वतः तपासलं आहे, सुरक्षित आहे, असं लिहून खाली सही करायची. मिस्त्री बावीस वर्षं या साबणाच्या कारखान्यात आहेत. म्हणाले, तो फॉर्म भरलेला मी एकदाच पाहिला.

सहा महिने झाडू, ग्रीस आणि "पाना दे गं" यातच गेले. आता कुलूप आहे. आता बोला!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

आज मिस्त्रींनी माझं नवीन नाव ठेवलं — झेंडेवाली. कॉलेजच्या सरांनी शिकवलंय, ज्या वायरला हात लावाल तिला पांढरी पट्टी गुंडाळा आणि वर तारीख टाका. मी टाकते. पट्टीचं टोक झेंड्यासारखं फडफडतं. मिस्त्री म्हणाले, "एवढे झेंडे लावलेस तर मशीन आहे की मिरवणूक ते कळायचं नाही." हसा! बाकी कुणी लावत नाही, म्हणूनच कुणाला काही सापडत नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आजचा दिवस माझा!!

सकाळी अकराला तीन नंबर बंद पडलं. साबणाच्या वड्यांना कागद गुंडाळतं ते. मिस्त्री दात दाखवायला गेलेले. बघितलं तर पुढच्या झाकणाचा स्विच मेलेला. झाकण उघडलं की आतलं पातं थांबवायचं, हे त्याचं काम. तोच मेला, त्यामुळे मशीनला वाटतंय झाकण उघडंच आहे, आणि ते चालायला तयार नाही. नवा स्विच उद्या येणार.

साहेब डोक्यावर उभे. "उद्या? माझे दोन ट्रक दारात आहेत!" म्हटलं, शिकाऊने एकटीने पॅनेल उघडायचं नाही असा नियम आहे. म्हणाले, "नियम नंतर. जमतंय का ते सांग."

जमतंय का! मागच्या पेटीत, म्हणजे पॅनेलमध्येच, एक वायर आडवी जोडली, झाकण बंद आहे अशी मशीनची समजूत करून दिली. दहा मिनिटांत चालू. मशीनवरच्या मावशींना बजावलं — आजच्या दिवस झाकण उघडू नका, कागद अडकला तर मला हाक मारा. साहेब सगळ्यांसमोर "शाब्बास" म्हणाले. कसं केलंस ते मात्र विचारलं नाही.

पाळीच्या वहीत लिहायचं राहिलं. तीन दहाची बस सुटली असती. शनिवारी लिहीन.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

दोन दिवस कॉलेज. वर्गात बसल्यावर मागून आवाज — "आली, सुगंध आली." माझ्या केसांना साबणाचा वास येतो म्हणे. तुमच्या केसांना कशाचा येतो ते बोलू का?

सरांनी लॉगबुक तपासलं. केलेल्या प्रत्येक कामापुढे साहेबांची सही लागते, शेवटच्या पानावर एक मोठी सही वेगळी. ती नसेल तर परीक्षेचा अर्ज घेत नाहीत. १७ मार्च शेवटची तारीख. माझी छत्तीस कामं झाली, चार उरली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

तीन नंबरला नवा कोरा स्विच! दुसऱ्या पाळीच्या मेकॅनिकने, लंबूने, गुरुवारी बसवला. झालं, वहीत लिहायची कटकटच मिटली.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

पंपाचं बेअरिंग एकटीने बदललं. एकटीने!! मिस्त्री शेजारी स्टुलावर बसून कान कोरत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "गळत नाहीये." त्यांच्याकडून हे म्हणजे हारतुरे.

बुधवार, ५ मार्च

चाळीसच्या चाळीस कामं पूर्ण. शेवटच्या पानाची सही राहिली. साहेब म्हणाले, पुढच्या आठवड्यात ये.

मंगळवार, ११ मार्च

चप्पलसुद्धा न काढता लिहायला बसलेय.

दुपारी एक वाजता तीन नंबरवर कागद अडकला, नवा स्विच बसल्यापासून पहिल्यांदाच. मावशींनी जुन्या सवयीने झाकण उघडलं, आत हात घातला. पातं थांबलं नाही. थांबलंच नाही! हातमोज्याचं टोक कापून गेलं, करंगळीच्या पुढचं. बोट वाचलं ते केवळ मोजा एक नंबर मोठा होता म्हणून.  मावशी खाली वाकून कापलेलं टोक शोधायला लागल्या.

मी धावत गेले, मेन स्विच पाडला आणि माझं कुलूप लावलं. खटकन आवाज आला तेव्हा कुठे श्वास घेतला.

मग स्विच तपासला. चांगला आहे. दाबला की लागतो, सोडला की सुटतो. मग पातं का थांबलं नाही? पुढे कुठेतरी गडबड आहे, आत पॅनेलमध्ये. मिस्त्री रजेवर, शुक्रवारी येणार.

दुसऱ्या पाळीला लंबू आला. त्याला म्हटलं, स्विच तू बसवलास ना? तर उसळलाच. "माझा स्विच ठणठणीत आहे! कुलूप काढ तुझं, मला माल काढायचाय." म्हटलं, मग मोजा काय उंदराने खाल्ला? जिराफ कुठला. नाही काढलं.

बुधवार, १२ मार्च

सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. बस म्हणाले नाहीत.

"मिस्त्री येईपर्यंत मशीन चालू दे. मावशींना सांगतो, झाकण उघडायचं नाही."

म्हटलं, सांगून हात थांबत नाही. वीस वर्षांची सवय आहे त्या हाताला. मला परवानगी द्या, आत्ता पॅनेल उघडते आणि शोधून काढते.

"शिकाऊने पॅनेल उघडायचं नाही. नियम आहे."

वा! फेब्रुवारीत दोन ट्रक दारात होते तेव्हा नियम कुठे गेला होता? ओठांवर आलं होतं, गिळलं. म्हटलं, मग फॉर्म आहे ना साहेब. मशीन सुरक्षित आहे असं लिहा, सही करा आणि कापा माझं कुलूप. मी काही म्हणणार नाही.

साहेबांनी फॉर्मच्या खणाकडे बघितलं. मग माझ्याकडे. म्हणाले, "सहीचंच बोलायचं तर तुझं शेवटचं पान माझ्याकडेच येणार आहे. सोमवारी शेवटची तारीख ना? विचार कर."

केला विचार. बाहेर येऊन नळावर तोंड धुतलं, तेवढ्यात झाला. दमदाटीला भीक घालायची असती तर घरीच बसले असते. स्वतःची सही टाकायला घाबरतात आणि माझी अडवतात!

मावशी डब्याच्या सुट्टीत जवळ आल्या. "पोरी, माझ्यापायी वर्ष घालवू नकोस. मी सांभाळून करीन." म्हटलं, मावशी, तुम्ही गप बसा. मावशींना असं बोलायला नको होतं. पण रडू आलं असतं.

रात्री आईला सांगितलं. आई शाळेचे गणवेश शिवते, मशीन थांबवून ऐकत होती. "कुलूप काय सोन्याचं आहे? काढ आणि वर्ष वाचव." मग माझा आणि तिचा कडाक्याचा वाद. न जेवता झोपले.

गुरुवार, १३ मार्च

किल्ली गळ्यात घालून कॉलेजला आले. सकाळी आईने डबा हातात दिला आणि विचारलं, "त्या बाईंचं बोट ठीक आहे ना?" ठीक आहे म्हटलं. "मग जा." एवढंच. माझी आई!

साहेबांचे पाच फोन. सहावा लंबूचा. "तू तिकडे फळ्याकडे बघत बसलीस आणि इथे माझी पाळी रिकामी बसलीये." बसू दे.

सरांना विचारलं, सहीशिवाय अर्ज घेता का? नाही म्हणाले. मग चष्मा काढून म्हणाले, "पण कुलूप काढू नकोस." दोन्ही एकदम कसं होणार ते तेवढं सांगितलं नाही.

मी घाबरलेय. हे लिहून ठेवते, कारण कुणासमोर बोलणार नाही. एक वर्ष म्हणजे एक वर्ष. वर्गातले सगळे पुढे जातील आणि मी परत पहिल्या बाकावर, सुगंध. तरी काढणार नाही. नाही म्हणजे नाही!

शुक्रवार, १४ मार्च

मिस्त्री आज रुजू झाले. तिसऱ्या तासाला त्यांचा फोन. म्हणाले, "सापडलं. मागच्या पेटीत वायर होती. स्विचला वळसा घालून." म्हणजे स्विच किती का चांगला असेना, मशीन त्याला विचारतच नव्हतं. महिनाभर!

मी वर्गात उभी राहून ओरडले. 

मिस्त्रींचा आवाज मात्र नेहमीसारखा नव्हता. दात दुखत असेल.

शनिवार, १५ मार्च

जिंकले!!!

सकाळी सगळ्यांसमोर तीन नंबरपाशी गेले, गळ्यातली किल्ली काढली, कुलूप उघडलं. मिस्त्रींनी मशीन चालू केलं, झाकण उघडलं — पातं जागच्या जागी थांबलं. पाच वेळा केलं, पाचही वेळा थांबलं. मावशींनी माझ्या पाठीवर असा गुद्दा घातला की पुढे पडणार होते. मोज्याचं कापलेलं टोक त्यांनी जपून ठेवलंय. नातवाला दाखवणार म्हणे.

साहेबांनी लॉगबुक स्वतः मागितलं. शेवटच्या पानावर सही, शिक्का, तारीख. "हट्टी आहेस," म्हणाले. मी थँक यू म्हटलं. हट्टी आहेच.

लंबूला बाहेरचा रस्ता. दुपारी तो आल्यावर साहेबांनी सगळ्यांसमोर हिशेब मांडला — स्विच कुणी बसवला? लंबूने. पेटी कुणी उघडली असणार? लंबूने. वायर कुणाची? तो आपला तेच तेच घोकत होता, "मी वायर टाकलीच नाही. मागची पेटी मी उघडलीच नाही. आत काही आहे असं मला कुणी सांगितलंही नव्हतं, वहीत काही नव्हतं." कुणाचा विश्वास बसणार? सोमवारी त्याच्या हातात पत्र पडेल. त्याची बायको पोटुशी आहे म्हणे, मावशी सांगत होत्या. वाईट वाटलं. पण मावशींचं बोट गेलं असतं तर? केलंय ना, मग भोग. चूक कबूल करायलासुद्धा हिंमत लागते, ती नाही त्याच्यात.

मिस्त्री सबंध दिवस पान्यांची पेटी पुसत बसले. निघताना साबणाच्या कागदाची एक पुडी माझ्या कोटाच्या खिशात सरकवली. "घरी जाऊन उघड." बक्षीस दिसतंय! आईने दारातच मिठी मारली आणि कोट खुंटीला राहिला.

रविवार, १६ मार्च

अर्ज भरला. सही चार वेळा पाहिली. आज काही लिहायला नाही. मजेत आहे.

सोमवार, १७ मार्च. सकाळी पावणेसात, वर्कशॉप

बसमध्ये खिशात हात घातला तर पुडी. आत वीतभर वायर. तिला पांढरी पट्टी गुंडाळलेली, वर ५/२. माझं अक्षर.

विसरले होते असं लिहिणार होते. खोटं आहे ते. आठवण मोजा कापला त्या मंगळवारीच दाराशी येऊन उभी होती, मी तिला आत घेतलं नाही.

पाळीची वही काढली. ५ फेब्रुवारीच्या पानावर खाली दोन ओळींची जागा रिकामी होती. लिहिलं — तीन नंबर, मागच्या पेटीत मी वायर जोडली आहे, नवा स्विच बसवल्यावर काढणे. पुढे माझी सही, आणि कंसात: हे आज, १७ मार्चला लिहिलं. खाली ती वायर चिकटवली, झेंड्यासकट.

लॉगबुक वहीवर ठेवलंय, शेवटचं पान वर करून. साहेब सातला येतात. लंबू पत्र घ्यायला सव्वासातला.