म्हसावदहून दाखवलेला समुद्र

१४ डिसें.
म्हसावदला घरी पोचले. माय बघताच, "वाळी गयी वं!" लीड्सला दोन किलो वाढलेय, तिला कोण सांगणार. शेजारच्या कलाकाकू चौकशीला हजर.
"तठे काय करस तू?"
"नाटकांच्या मागचे पडदे रंगवते, काकू."
"म्हंजे पेंटरच ना? तुन्हा बाप बी तेच करस. मंग इतली दूर कसाले गयी?"
आप्पा खोकेपर्यंत हसले. मीही.

१६ डिसें.
आप्पांच्या शेडमध्ये ट्रॅक्टरची ट्रॉली रंगवायला आलीय. मागच्या फाळक्यावर मोर मी काढला. आप्पा : "मोरनी मान बगळानी वाटी ऱ्हायनी." मान पुसून पुन्हा काढली. मजा आली.
लहानपणी उरलेल्या डब्यांच्या तळाचा रंग खरवडून मी घराचा कूड रंगवायचे. विकतचा रंग कुठला. तेच करत करत शिष्यवृत्ती, तेच करत करत लीड्स. तिथे पहिल्या वर्षी हॉटेलात भांडी. फोनवर "खोली रिकामी आहे" म्हणणारी बाई दारात माझा चेहरा बघून म्हणाली, आत्ताच गेली. पाटी खिडकीत तशीच! त्या दिवशी रडले होते. आज आप्पांना सांगितलं तर म्हणाले, "पाटी तरी बरी रंगेल व्हती का?"

१९ डिसें.
हेलनची मेल. (आमची दिग्दर्शिका.) मोठ्या रंगमंचावरच्या नव्या नाटकाचं पूर्ण नेपथ्य. दोनच नावं उरलीत, मी आणि आमच्याकडचाच नेपथ्यकार ग्रॅहम. सोमवारी व्हिडिओ कॉल.
नाटक इंग्रज कोळ्यांच्या गावाचं. म्हणजे बोटी, धुकं, राखाडी समुद्र. आजवर माझ्या वाट्याला फक्त महाल, दिवाळी, हत्ती. "भडक रंग तुमच्याच लोकांना जमतात" असं ग्रॅहम कौतुकानेच म्हणतो, हेच वाईट.
मेल पुन्हा पुन्हा वाचत बसले. मायने मधेच शेव भाजी वाढली.

२२ डिसें.
झाला कॉल!! ऐन वेळी लाइट गेली. वायफाय बंद, मोबाईलवर कसाबसा. शेडबाहेर खुर्ची टाकून बसले. मागे मिरच्या वाळत होत्या आणि माय त्या खालीवर करत शिंकत होती.
राखाडी समुद्राची चित्रं दाखवली. हेलन खूश. मग थिएटरच्या मंडळावरचे एक गृहस्थ, गोड आवाजात : हे आमच्या माणसांचं गाव आहे, तुला ते आतून कळेल का?
म्हटलं, "इतकी वर्षं मी तुमच्याच माणसांत राहतेय. हत्ती मात्र आयुष्यात एकदाच पाहिलाय, सर्कशीत. तरी तुम्ही दरवर्षी मला हत्तीच काढायला लावता."
हेलन फिसकन हसली. ते नाही.
आप्पा नंतर : "तो टाय घालेल कोण व्हता?"
"मालकांपैकी."
"तोंड उतरी गयथं त्यानं." आणि चहा ठेवला. स्वतः!

२७ डिसें.
मिळालं! पण : त्या गृहस्थांची अट, पोस्टरवर ग्रॅहमचंही नाव. "सल्लागार" म्हणून. एक रेघसुद्धा त्याची नाही.
माय म्हणाली, घे पदरात पडतंय ते. आप्पांनी ब्रश धुऊन ठेवले. मग, "काम तुन्हं, तं नाव बी तुन्हंच जोयजे."
हेलनला लिहिलं : माझं एकटीचं नाव, नाहीतर नको. पाठवलं. काम गेलं तर पुन्हा हत्ती. कदाचित तेही नाही.

३० डिसें., गाडीत
नंदुरबारला आप्पा डब्यात चढले, बॅग ठेवली, उतरेचनात. गाडी हलल्यावर उतरले. माय खिडकीबाहेरून ओरडत होती, त्यांना आणि मला, दोघांनाही.
नवापूर आलं. नेटवर्क आलं. हेलनचा मेसेज : "बोलायचंय. लगेच फोन कर."
बरं की वाईट, कळत नाही. समोरच्या सुरतच्या बाई माझ्या डब्याकडे बघताहेत. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत. त्यांना अर्धी दिली. हेलनला म्हणावं, थांब जरा. जेवतेय.