बावीस मेंढ्या आणि तुमचे मुद्दे

तीर्थस्वरूप मामांना भाच्याचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा आता कसा आहे? इकडे सगळे धडधाकट आहेत. सगळ्यांत बावीस मेंढ्याही आल्या.

गेल्या वर्षी शेतकरी मेळाव्यात तुम्ही दीड तास सांगितलंत, की मेंढी फळबागेत सोडा. ती तण खाईल, लेंडीखत देईल, शेतकरी नुसता बांधावर बसेल. (तुम्ही जन्मात एकही मेंढी पाळलेली नाही, हे मामींनी सांगितलं, पण आमच्या मेंढ्या घरी आल्यावर.) मी पडलो आज्ञाधारक. मेंढ्या सोडल्या आणि बांधावर बसलो. त्यांनी तणाला तोंडसुद्धा लावलं नाही. दोन वर्षांच्या कलमांची साल तेवढी सोलून खाल्ली आणि तोंडी लावायला शेजारच्या हेडमास्तरांचा वाटाणा. मी तुमचा दाखला दिला, तर हेडमास्तर म्हणाले, "तुमचे मामा विद्वान असतील हो, पण मेंढ्यांनी ते भाषण ऐकलेलं नाही!"

शेवटी हिने पदर खोचला. फळबाग कुंपण घालून बंद केली. गहू निघालेल्या रानात जाळी लावून दोन-दोन दिवसांचे तुकडे पाडले आणि मेंढ्या या तुकड्यातून त्या तुकड्यात फिरवल्या. मी तिला तुमचे मुद्दे वाचून दाखवत होतो. ती म्हणाली, "ते राहू द्या, आधी जाळीचं ते टोक धरा." मामा, पुढच्या पेरणीला खत निम्मंच लागलं आणि पीक कमरेएवढं आलं. सांगायला लाज वाटते, पण तुमचं म्हणणं खरं निघालं. फक्त ते तुम्हाला ठाऊक नव्हतं.

मागच्या आठवड्यात शेतकी खात्याचे साहेब पाहणीला आले. ही गोठ्यात एका अडलेल्या मेंढीची सुटका करत होती, कोपरापर्यंत हात भरलेले. तेव्हा साहेबांच्या प्रश्नांना उत्तरं मलाच द्यावी लागली. ती त्यांना फार आवडली.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. : मेळाव्यात यंदा 'आदर्श मेंढपाळ शेतकरी' म्हणून माझा सत्कार आहे आणि तासभर बोलायचं आहे. तुमच्या त्या भाषणाची प्रत उलट टपाली पाठवा. खरं घडलं ते सांगायला पाच मिनिटंही लागणार नाहीत.

आणखी एक : ही म्हणते, जाळीचं कामही भाषणात येऊ द्या. वेळ उरला तर घेईन.