पितळी आकड्याची ओळख दफनविधीत वाचून दाखवण्याबाबत

प्रति,
मा. पुरातन वस्तू ओळख अधिकारी,
जिल्हा संग्रहालय, हॅडिसफर्ड, नॉर्फक

विषय : शेतात सापडलेल्या वस्तूच्या ओळखीचे पत्र माझ्या पत्नीच्या दफनविधीत आपण स्वतः वाचून दाखवण्याबाबत.
संदर्भ : आपले दि. ३ मार्चचे पत्र व सोमवारी दूरध्वनीवर मिळालेला नकार.

महोदया,

१. मी आणि माझी पत्नी एव्हिस बरीच वर्षे धातुशोधक यंत्र घेऊन शेते फिरत आलो. यंत्र ती चालवी, खणण्याचे काम माझे. ऑक्टोबरात श्री. क्युबिट यांच्या बीटच्या शेतात, पीक निघाल्यावर, यंत्र वाजले. वीतभर खाली नक्षीचे पितळी पान निघाले, मागे आकड्यासारखा वाकडा काटा.

२. मी म्हणालो, "घोड्याच्या साजाचं काहीतरी." एव्हिस म्हणाली, "घोडा एवढा नटवा नसतो, डेझ. बाईची वस्तू आहे ही. चिखलातून जाताना झग्याचा घेर उचलून यात अडकवायचा." आणि आकडा रेनकोटाच्या काठाला लावून ती बांधापर्यंत ठुमकत चालून आली. आमच्या धातुशोधकांच्या क्लबात हे ऐकून सगळे हसले. "एव्हिस, मागचं तुझं रोमन नाणं दुधाच्या बाटलीचं टोपण निघालं होतं!" हसण्यात मीही होतो.

३. आमच्या लोकांत आपल्या कार्यालयाचे पत्र येईपर्यंत सापडलेली वस्तू अमुकच आहे असे कोणी धरत नाही. हा नियम एव्हिसइतका कडक कोणी पाळला नाही. स्वतःचे म्हणणेही ती पत्राशिवाय खरे धरत नसे. आकडा आपल्याकडे जमा केला आणि आम्ही रांगेत थांबलो. रांग लांब होती. त्याबद्दल तक्रार नाही.

४. जानेवारीत तिला इस्पितळात ठेवावे लागले. ती रोज विचारी, "पत्र आलं?" फेब्रुवारीच्या अखेरीस डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितले. त्या संध्याकाळी मी तिला म्हणालो, "आलं. तू म्हणालीस तेच निघालं." ती म्हणाली, "कागद दाखव." मी म्हणालो, घरी राहिला. "मग उद्या आण." दुसऱ्या दिवशी मी विसरलो म्हणालो. तिसऱ्या दिवशीही. तेव्हा तिने माझ्या हातावर थोपटले आणि म्हणाली, "राहू दे आता."

५. २ मार्च रोजी ती गेली. ५ तारखेला आपले पत्र आले : "सोळाव्या शतकातील वस्त्र-आकडा. स्त्रियांच्या झग्याचा घेर उचलून धरण्यासाठी."

६. अधिकारी खाजगी विधींना जात नाहीत, पत्र मीच वाचावे, असे आपल्या सहकाऱ्यांनी नम्रपणे सांगितले. तरी विनंती की शुक्रवारी सकाळी अकरा वाजता आपण आमच्या गावच्या चर्चमध्ये यावे आणि त्या दोन ओळी वाचाव्यात. दोन मिनिटे लागतील. भाषण नको, सांत्वन नको. धर्मगुरूंची परवानगी घेतली आहे. येणे अशक्यच असल्यास दूरध्वनीवरून वाचावे. मी तो शवपेटीजवळ धरेन. आकडा संग्रहालयाने ठेवून घेतला तरी चालेल.

७. पत्र मी वाचू शकतो, हे मान्य आहे. पण तीच गोष्ट माझ्या तोंडून तिने एकदा ऐकली आहे आणि तिला ती खरी वाटली नव्हती.

शुक्रवारी दाराशी आपली वाट पाहणारा,
डेझमंड थर्केटल
दि. ११ मार्च

सोबत : आपल्या पत्राची प्रत, चर्चच्या रस्त्याचा हाताने काढलेला नकाशा.